यीस्टमधील जनुकनामे आणि मानवी विकारांची नावे

प्रथिनांवर शर्करेच्या साखळ्या जोडल्या जाण्याची क्रिया पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या पेशीत व मानवी पेशीत बहुतांशी एकाच क्रमाने घडते. ॲस्परॅजिन या अमिनो आम्लाला जोडावयाची साखळी आधी डॉलिकॉल नामक स्निग्ध रेणूवर रचली जाते. तीत १४ शर्कराघटक असतात: ॲसिटिल-ग्लुकोसामिनाचे २, मॅनोजचे ९ व शेवटी ग्लुकोजचे ३. साखळी पुरी झाली म्हणजे ती उचलून प्रथिनावर बसविली जाते. या साम्यामुळेच यीस्टमध्ये सापडलेली जनुके मानवातील आनुवंशिक विकारांची किल्ली ठरली, आणि त्याबद्दल या संशोधनाची जी वाखाणणी होते ती यथार्थच होय. परंतु किल्लीबरोबर नावेही आली. नाव हे निरुपद्रवी लेबल असते असा प्रयोगशाळेतील समज असला, तरी प्रत्येक नावात एक सिद्धान्त दडलेला असतो. येथे तर तो रुग्णाच्या औषधोपचारापर्यंत जाऊन पोचतो.

यीस्टच्या अभ्यासकांची नाव देण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. जनुक बिघडले असता पेशीत जे अडते, त्यावरून त्याला नाव मिळते. शब्द वगळल्यावर वाक्य कोठे मोडते हे पाहून त्या शब्दाचा अर्थ ठरवावा, तशातलाच हा प्रकार. १९८० साली नोविक, फील्ड व शेकमन यांनी स्राव बाहेर टाकू न शकणाऱ्या यीस्टपेशी वेचल्या आणि त्यांचे २३ गट पाडले. स्रावाच्या इंग्रजी संज्ञेवरून त्या जनुकांना ‘सेक’ हे नाव मिळाले. त्यांतील सेक५३ चा स्रावाशी साक्षात् संबंधच नव्हता. ते फॉस्फोमॅनोम्यूटेज या एंझाइमाचे जनुक असल्याचे १९८८ मध्ये दाखविण्यात आले. मॅनोज-६-फॉस्फेटचे मॅनोज-१-फॉस्फेट करणे हे त्याचे काम. हे रूपांतर अडले की साखळी अपुरी राहते, प्रथिने नीट घडत नाहीत व म्हणून बाहेर पडत नाहीत. नाव मात्र परिणामाचेच राहिले. मूळ जनुक थोरल्या रोमन अक्षरांत व बिघडलेले जनुक धाकट्या अक्षरांत लिहिण्याचा त्या शास्त्राचा संकेत आहे. देवनागरीत असा अक्षरभेद नसल्याने मराठी लेखकास ‘बिघडलेले’ हे विशेषण दर वेळी लिहावेच लागते. आणि ही अडचण नसून सोय आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मानवी विकारांची नावे याच्या उलट दिशेने, रुग्णाच्या रक्तावरून, सुरू झाली. बेल्जियममधील याक याकेन यांनी १९८० मध्ये जुळ्या बहिणींच्या ठिकाणी हा विकार प्रथम वर्णिला. पुढे रक्तातील ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनावरील शर्करेच्या उणिवेवरून निदान होऊ लागले, आणि विकारालाही त्या उणिवेचे नाव मिळाले. १९९९ च्या सुमारास ‘शर्करायोजनाचे जन्मजात विकार’ ही संज्ञा रूढ झाली. साखळी रचून प्रथिनावर बसविण्यात दोष असेल तर पहिला प्रकार, बसलेल्या साखळीच्या पुढील संस्कारात असेल तर दुसरा. आणि त्यापुढे शोधाच्या क्रमाने अक्षर.

या पद्धतीचा दोष ‘एक-अ’ व ‘एक-ब’ या जोडीत उघडा पडतो. दोहोंत ट्रान्सफेरिनची चाचणी एकच चित्र दाखविते आणि नावात एका अक्षराचे अंतर आहे. वस्तुतः ‘एक-अ’ मध्ये फॉस्फोमॅनोम्यूटेज उणे असते, अनुमस्तिष्क खुरटते, स्नायू शिथिल असतात. ‘एक-ब’ मध्ये त्याच्या अलीकडच्या पायरीचे, फ्रुक्टोज-६-फॉस्फेटापासून मॅनोज-६-फॉस्फेट करणारे, एंझाइम उणे असते. मुख्य पीडा यकृत व आतड्यांची असते आणि बुद्धी बहुधा शाबूत राहते. १९९८ मध्ये अशा रुग्णास तोंडावाटे मॅनोज दिल्याने गुण आल्याचे प्रसिद्ध झाले. बाहेरून आलेले मॅनोज पेशीत थेट मॅनोज-६-फॉस्फेट होते व तुटलेली पायरी ओलांडली जाते. ‘एक-अ’ च्या रुग्णास या उपायाचा लाभ होत नाही, कारण त्याची वाट पुढे बंद असते. यीस्टचे अभ्यासक हे आधीच पाहून होते: पीएमआय४० हे जनुक बिघडलेले यीस्ट माध्यमात मॅनोज घातल्यास वाढते. ज्या दोन नावांमध्ये उपचार होणे व न होणे एवढे अंतर आहे, ती सख्ख्या भावंडांसारखी दिसावीत, ही नामकरणाची साधी चूक नव्हे.

म्हणून २००८ मध्ये जनुकाचे नाव पुढे ठेवणारी जी पद्धत सुचविण्यात आली, ती स्वागतार्हच होती. ‘एक-अ’ चे पीएमएम२-सीडीजी झाले, ‘एक-ब’ चे एमपीआय-सीडीजी. पण तिच्यामुळे एक नवा भ्रम शिरतो. जनुक एक, म्हणजे यीस्ट व मानव यांतील दोषही एक, असे वाचकास वाटू लागते. सेक५३ शी साम्य असलेले पहिले मानवी जनुक, पीएमएम१, २२ व्या गुणसूत्रावर सापडले. विकाराचा ठिकाणा मात्र १६ व्या गुणसूत्रावर होता, आणि तेथील पीएमएम२ हे १९९७ मध्ये हाती लागले. यीस्टच्या एका जनुकाला मानवात दोन प्रतिशब्द होते, आणि त्यांतला एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

एएलजी६ चे उदाहरण याहून बोलके आहे. साखळीवर पहिले ग्लुकोज चढविणारे हे जनुक यीस्टमध्ये बिघडले तरी पेशीची वाढ जवळजवळ बिनतक्रार चालते. दोष दिसावा म्हणून साखळी प्रथिनावर बसविणारे एंझाइमही डब्ल्यूबीपी१ च्या बिघाडाने दुबळे करावे लागते. ज्या बालकाच्या पेशींत हेच जनुक बिघडते, त्याच्या ठिकाणी मात्र झटके येतात व वाढ खुंटते. येथे ‘प्रतिरूप’ हा शब्द सैल पडतो. दोष कोणत्या पायरीवर आहे हे यीस्ट अचूक सांगते. तो किती जाचेल हे त्याला विचारून उपयोग नाही, कारण यीस्टला मेंदू नाही. पीएमएम२ मध्ये तर एकाच घरातील, तेच दोन बदल वारशाने मिळालेली भावंडेही सारखी आजारी नसतात. आज या विकारांची संख्या दीडशेच्या वर गेली आहे आणि जनुकनामाखेरीज त्यांची वर्गवारी सांभाळणे शक्य राहिलेले नाही. तथापि मातापित्यांच्या हाती पडणाऱ्या कागदावर जनुकनामाशेजारी आणखी दोन गोष्टी लिहिणे अशक्य नाही: कोणती पायरी अडली, आणि बाहेरून शर्करा देऊन ती ओलांडता येते की नाही.