‘अर्धसत्य’ : कबुलीचा उरलेला भाग

श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून गोविंद निहलानी यांनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे आणि शीर्षक दिलीप चित्रे यांच्या कवितेचे. फौजदार अनंत वेलणकरच्या भूमिकेसाठी ओम पुरी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर रामा शेट्टीच्या भूमिकेने सदाशिव अमरापूरकरांचे नाव सर्वतोमुखी झाले. चार दशकांनंतरही हा चित्रपट जुना वाटत नाही. मात्र त्याच्या शेवटाला पडणारी टाळी मला नेहमीच अस्वस्थ करते.

कोल्हापूरकर रसिकाला पडद्यावरचा पोलीस नवा नाही. १९२९ साली याच नगरीत स्थापन झालेल्या ‘प्रभात’ने पुढे पुण्यात गेल्यावर १९३९ साली ‘माणूस’ काढला. कोल्हापूरचेच सुपुत्र व्ही. शांताराम यांनी त्यात गणपत नावाचा प्रामाणिक शिपाई उभा केला. ती भूमिका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या शाहू मोडक यांनी केली, ही आपल्या समाजाला अभिमानाची गोष्ट. गणपतचा झगडा समाजाच्या नजरेशी होता. वेलणकरचा झगडा ज्या खात्याचा गणवेश अंगावर आहे त्या खात्याशीच आहे.

या चित्रपटाचे मोठेपण भ्रष्टाचाराच्या चित्रणात आहे. वेलणकर स्वतः लाचखोर नाही. येथला भ्रष्टाचार बहुधा दूरध्वनीवरून येतो. शेट्टीला अटक करायला गेलेला वेलणकर वरिष्ठांच्या एका शब्दासरशी अपमान गिळून परततो. त्याआधी आमदाराची गैरमर्जी ओढवली तेव्हा हैदर अली या सज्जन सहकाऱ्याने ओळखीपाळखीतून त्याला वाचवलेले असते. येथेच तो पहिल्यांदा विकला जातो, आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या आपल्या विश्वपत्रात ‘पापाच्या संरचना’ असा शब्दप्रयोग केला. व्यक्तींच्या पापांतून अशी रचना उभी राहते आणि मग तीच इतरांना पापाकडे ढकलते. तेंडुलकरांच्या पटकथेत ही प्रक्रिया पायरीपायरीने दिसते.

वर दबलेला संताप खाली उतरतो. वेलणकरचा बापही पोलीस खात्यातलाच, घरात बायकोला मारहाण करणारा. त्या बापाचा तिरस्कार करणारा मुलगा एके रात्री दारूच्या नशेत, किरकोळ चोरीच्या संशयावरून पकडलेल्या एका माणसाला कोठडीत मरेपर्यंत मारतो. शेट्टीपर्यंत न पोहोचलेला हात या दुबळ्यापर्यंत सहज पोहोचतो. निलंबित होऊन दारूत बुडालेल्या माइक लोबोच्या (नसीरुद्दीन शाह) रूपाने वेलणकरला आपले भवितव्य आधीच दिसलेले असते. तरीही तो थांबत नाही.

आणि येथेच चित्रपटाची उणीव आहे. चोराच्या मृत्यूनंतर कथेचा सारा ओघ वेलणकरच्या नोकरीकडे वळतो. ती वाचवण्यासाठी तो शेट्टीच्या दारी जातो, तेथे त्याचा स्वाभिमान उसळतो, तो शेट्टीचा गळा आवळतो आणि ठाण्यात जाऊन स्वतःला स्वाधीन करतो. ज्या हत्येला प्रेक्षक टाळी देतो, तिची तो कबुली देतो. ज्या मृत्यूतून सुटण्यासाठी तो शेट्टीकडे गेला होता, त्याची कबुली मात्र आपल्याला ऐकू येत नाही. प्रायश्चित्त संस्कारासाठी बसणाऱ्या धर्मगुरूला ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. शौर्याची छटा असलेले पाप माणूस मोकळेपणाने सांगतो. दुबळ्यावर केलेला अन्याय ओठांवर येत नाही. वेलणकरचे अर्धसत्य मला येथे दिसते. दिग्दर्शकाला ते अभिप्रेत असेल, तर त्याने आपल्या नायकापेक्षा प्रेक्षकाचीच कठोर परीक्षा घेतली आहे.

ही परीक्षा पडद्यापुरती नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटक आणि कोठडी यांविषयी स्पष्ट नियम घालून दिले. तरीही २०१७ च्या नोव्हेंबरात, आपल्या शेजारच्या सांगलीत, लुटीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण पोलीस कोठडीत मरण पावला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचे उघडकीस आले. पोलिसांवरच गुन्हा दाखल झाला. दुसरीकडे ‘एन्काउंटर’ करणाऱ्या अधिकाऱ्यांचा गौरव करणारे चित्रपट येतच राहिले. गुंडाच्या मरणावर वाजलेल्या टाळीत कोठडीतल्या मरणाचा आवाज बुडून जातो.

यार्देनकाठी सैनिकांनी योहान बाप्तिस्ताला विचारले, आम्ही काय करावे? त्याने त्यांना शस्त्रे टाकायला सांगितले नाही. कोणावर जुलूम करू नका, खोटा आरोप करू नका, आपल्या वेतनात समाधान माना, असा बोध केला. गणवेशातही माणूस राहता येते, हा त्याचा अर्थ. ‘अर्धसत्य’ अवश्य पाहावा. शेट्टी कोसळल्यावर मात्र टाळीसाठी उचललेले हात क्षणभर थांबवावेत आणि कोठडीत मेलेल्या त्या चोरासाठी प्रार्थनेत जोडावेत.