टीना फेमुळे सारा पेलिन हरल्या का? एका पेपरची उलटतपासणी

गेल्या महिन्यात एका ज्युनियरने पीएच.डी.च्या मुलाखतीआधी तिचा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. विषय होता विनोदी रील्स आणि तरुण मतदार. विषय छान, भाषाही स्वच्छ. पण प्रस्तावनेतलं पहिलंच वाक्य असं होतं: अमेरिकेत २००८ साली एका विनोदी कार्यक्रमामुळे सारा पेलिन यांचा पराभव झाला, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे. शेजारी कंसात संदर्भ.

तो पेपर मी काढून वाचला. त्यात असं काही सिद्ध झाल्याचं लिहिलेलं नाही.

आधीच सांगते, माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र आहे. राज्यशास्त्रातलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण पुरावा कसा वाचायचा, हे विषय बदलला म्हणून फारसं बदलत नाही. आणि 'कॉमेडीने निवडणूक फिरवली', 'सेलिब्रिटीने मतं ओढली', 'सोशल मीडियाने सरकार पाडलं' ही वाक्यं हल्ली इतक्या सिनॉप्सिसमध्ये येतात, की त्यामागचे पेपर एकदा नीट उघडून बघायलाच हवेत.

काय घडलं होतं?

२००८ च्या ऑगस्टअखेर रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांना उपाध्यक्षपदासाठी निवडलं. देशाला त्या जवळपास अनोळखी होत्या. १३ सप्टेंबरला 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या एनबीसीवरच्या जुन्या विनोदी कार्यक्रमात टीना फे पेलिन बनून आल्या. चेहरा, चष्मा, बोलण्याची ढब, सगळं इतकं जुळलं की पुढचे काही आठवडे देशभर तीच चर्चा. टीव्हीवर चुकलेलं स्किट दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर बघायची सवय तेव्हा नुकती लागत होती. २ ऑक्टोबरला उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वादविवाद झाला आणि दोनच दिवसांनी त्याचंही विडंबन आलं. १८ ऑक्टोबरला तर पेलिन स्वतःच त्या कार्यक्रमात गेल्या. नोव्हेंबरात ओबामा जिंकले.

जोडी बॉमगार्टनर, जोनाथन मॉरिस आणि नताशा वॉल्थ यांचा पेपर २०१२ मध्ये 'पब्लिक ओपिनियन क्वार्टरली'त आला. त्याचं नावच 'द फे इफेक्ट'. तरुण मतदारांचं पॅनेल, म्हणजे त्याच लोकांना पुन्हा विचारायचं. सॅम्पल सतराशेच्या वर. निष्कर्ष असा की वादविवादाचं विडंबन पाहण्याचा आणि पेलिन यांच्या निवडीबद्दलचं मत व मतदानाचा इरादा बदलण्याचा संबंध दिसतो. आणि हा संबंध सर्वांत ठळक आहे तो अपक्ष विचाराच्या आणि रिपब्लिकन तरुणांमध्ये.

पेपर वाईट आहे का? अजिबात नाही. 'विनोद' असं मोघम न धरता त्यांनी एक विशिष्ट स्किट धरलं. एकदाच विचारून मोकळे न होता त्याच माणसांकडे परत गेले. आपल्याकडच्या बऱ्याच सर्वेक्षणांपेक्षा ही पद्धत दोन पायऱ्या वर आहे. तरीही तीन ठिकाणी मी अडखळले.

पहिली अडचण: शीर्षक आणि सारांश वेगवेगळं बोलतात

शीर्षकात 'इफेक्ट' म्हणजे परिणाम. सारांशात मात्र लेखक सावध आहेत. तिथे विडंबन पाहणं आणि मत बदलणं एकमेकांशी 'निगडित' आहे, एवढंच म्हटलंय. या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बातमीदार शीर्षक उचलतो, पुढचा विद्यार्थी बातमी उचलतो, आणि 'निगडित'चं 'सिद्ध' होतं. माझ्या ज्युनियरच्या वाक्यात नेमकं हेच झालं होतं. शिवाय पेपर पेलिन यांच्याबद्दलच्या मतांवर आणि तरुणांच्या इराद्यावर आहे, मॅकेन-पेलिन जोडीच्या देशभरातल्या पराभवावर नाही. ओबामांची आघाडी होती सुमारे ९५ लाख मतांची. तरुणांच्या एका पॅनेलवरून तिथपर्यंत उडी मारता येत नाही.

दुसरी अडचण: सॉल्व्हंट कंट्रोल कुठंय?

इथे माझीच एक फजिती सांगते. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एका वनस्पतीचा अर्क जिवाणूंवर टाकून पाहत होते. प्लेटवर अर्काभोवती सुंदर स्वच्छ वर्तुळ. जिवाणू वाढलेच नाहीत. मी आनंदाने फोटो घेऊन गाईडकडे गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नुसतं सॉल्व्हंट टाकून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर नुसत्या सॉल्व्हंटभोवतीही जवळजवळ तेवढंच वर्तुळ. जिवाणू माझ्या अर्काने मरत नव्हते, अर्क ज्यात विरघळवला होता त्याने मरत होते.

आता स्किटकडे या. ते आठवडे आठवा. १५ सप्टेंबरला लेमन ब्रदर्स बुडाली. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केटी कुरिक यांनी घेतलेल्या मुलाखतीत पेलिन साध्या प्रश्नांवर अडखळल्या. इतक्या, की २७ सप्टेंबरच्या स्किटमध्ये त्यांची काही उत्तरं जवळपास जशीच्या तशी वापरता आली. तुम्ही म्हणाल, बाजार कोसळला तो सगळ्यांसाठीच. स्किट पाहणाऱ्यांसाठी आणि न पाहणाऱ्यांसाठीही. बरोबर. पण राजकीय स्किट आवर्जून पाहणारा माणूस बातम्याही जास्त पाहतो, मुलाखतही पाहतो, मित्रांशी वादही घालतो. स्किट त्याच्यापर्यंत एकटं पोचत नाही, या सगळ्यात विरघळून पोचतं. हेच ते सॉल्व्हंट. संख्याशास्त्राने यातला काही भाग वेगळा काढता येतो, पण जे मोजलंच नाही ते वेगळं काढता येत नाही.

शिवाय स्किट कोणी पाहायचं हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ज्या रिपब्लिकन तरुणाच्या मनात पेलिनबद्दल आधीच शंका होती, तोच ती क्लिप उघडण्याची शक्यता जास्त. मग क्लिपने शंका निर्माण केली, की शंकेने क्लिप उघडली?

तिसरी अडचण: पट्टी संपली तर?

रिपब्लिकन आणि अपक्षांवर परिणाम जास्त, हा निष्कर्ष सगळ्यात सनसनाटी वाटतो. पण याचं एक साधं स्पष्टीकरणही असू शकतं. डेमोक्रॅट तरुणांचं पेलिनबद्दलचं मत आधीच तळाला असेल, तर ते आणखी खाली कुठे जाणार? थर्मामीटरचा पारा शून्यावर असेल आणि शून्याखाली खुणाच नसतील, तर थंडी वाढली तरी आकडा हलत नाही. कोणत्याही गटात 'परिणाम नाही' दिसला, की आधी पट्टीला जागा शिल्लक होती का ते बघा.

मला तर वाटतं विनोदाची खरी ताकद मताच्या इराद्यात शोधणंच चुकतं. पेलिन मुलाखतीत म्हणाल्या होत्या की अलास्कातल्या एका बेटावरून रशिया दिसतो. घरातून रशिया दिसतो, हे वाक्य टीना फेचं. आज कित्येक जण ते पेलिन यांचंच समजतात. नक्कल मूळ माणसाच्या जागी जाऊन बसते, तेव्हा मत बदलो न बदलो, आठवण बदललेली असते. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण मोजायचं असेल तर ते मोजा.

त्याच निवडणुकीतला दुसरा पेपर

मग असं काही नीट मोजताच येत नाही का? येतं. क्रेग गार्थवेट आणि टिमोथी मूर यांनी त्याच मोसमातला वेगळा प्रश्न घेतला: ओप्रा विन्फ्री यांच्या पाठिंब्याने डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत ओबामांना किती मतं मिळाली? त्यांनी कोणालाही "तुमच्यावर ओप्राचा प्रभाव पडला का?" असं विचारलं नाही. ओप्राच्या मासिकाचे वर्गणीदार आणि तिने शिफारस केलेल्या पुस्तकांची विक्री, हे तिच्या प्रभावाचं माप धरलं आणि ते मतांशी ताडून पाहिलं. त्यांचा अंदाज निघाला सुमारे १० लाख जादा मतांचा.

आकडा बाजूला ठेवा, पुढची पायरी बघा. ओप्राचे चाहते जिथे जास्त, तिथले लोक मुळातच ओबामांकडे झुकलेले असतील तर? म्हणून त्यांनी ओबामांच्या आधीच्या निवडणुकांमध्येही हाच संबंध शोधला. तेव्हा ओप्राचा पाठिंबा नव्हता, म्हणजे संबंध दिसता कामा नये. आणि तो दिसला नाही. हाच तो सॉल्व्हंट कंट्रोल.

तरीही हा निष्कर्ष कुठेही चिकटवू नका. पक्षांतर्गत लढतीत दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे असतात, पक्षाचं चिन्ह बघून निवडायची सोय नसते. अशा वेळी ओळखीच्या चेहऱ्याचा शब्द वजनदार ठरू शकतो. मुख्य निवडणुकीत तो तसाच चालेल, हे या पेपरवरून म्हणता येत नाही.

क्लिक म्हणजे मत नव्हे

सोशल मीडियाचं काय? २०१० च्या अमेरिकी निवडणुकीच्या दिवशी फेसबुकवर ६ कोटी १० लाख लोकांवर प्रयोग झाला. पेपर २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये आला. कोणाला मतदान केलेल्या मित्रांचे चेहरे दाखवायचे, कोणाला नुसती माहिती आणि कोणाला काहीच नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. मित्रांचे चेहरे पाहिलेल्यांमध्ये, नुसती माहिती पाहिलेल्यांच्या तुलनेत, 'मी मतदान केलं' हे बटण दाबणारे सुमारे २ टक्क्यांनी जास्त होते. मग संशोधकांनी सरकारी मतदान नोंदी तपासल्या. प्रत्यक्ष मतदानातला फरक, काहीच संदेश न दिसलेल्यांच्या तुलनेत, ०.३९ टक्के. आणि नुसत्या माहितीच्या संदेशाचा मतदानावर परिणाम दिसलाच नाही.

दोन तुलना वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवूनही धडा स्पष्ट आहे: स्क्रीनवर जे दिसतं त्याचा थोडाच भाग मतदान केंद्रापर्यंत पोचतो. रीलचे व्ह्यूज मोजून मतांबद्दल लिहिणाऱ्यांनी हे भिंतीवर चिकटवावं. आणखी एक गोष्ट मला आवडली. जे काम झालं ते ओळखीच्या चेहऱ्यांनी केलं, त्यात सेलिब्रिटी नव्हते.

मग सिनॉप्सिसचं काय झालं?

ज्युनियर आधी वैतागली. "दीदी, मग विषयच सोडू का?" नाही. विषय सोडायचा नाही, वाक्य बदलायचं. तिने 'सिद्ध झाले आहे' काढलं. "रील्समुळे तुमचं मत बदललं का?" हा प्रश्नही काढला, कारण स्वतःचं मत कशामुळे बदललं हे आपल्यापैकी कोणालाच धड सांगता येत नाही. आता ती विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करणार आहे. एकाला नेत्याच्या भाषणाचा तुकडा, दुसऱ्याला त्याच भाषणाचं विडंबन. दोन आठवड्यांनी एकच प्रश्न: यातलं कोणतं वाक्य नेता खरंच बोलला होता?

प्रश्न लहान झाला, पण उत्तर मिळण्याजोगा झाला. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. समितीत कोणी विचारलंच, "कॉमेडीने निवडणूक जिंकता येते का?" तर काय म्हणायचं, हेही आम्ही ठरवलंय: "सर, ते या अभ्यासातून कळणार नाही. कळेल ते एवढंच."

हे वाक्य न घाबरता म्हणता आलं, की तयारी झाली समजा.