जाळलेली संहिता : शिरूर-भीमथडीचे दंगे आणि वसाहतवादाचा मराठी विचार

मराठी समीक्षेत वसाहतवादाची चर्चा सुरू झाली की ती बहुधा इंग्रजी शिक्षण, छापखाना आणि कादंबरी यांच्यापाशी येऊन थांबते. देशीवादाची मांडणी असो वा तिचा प्रतिवाद, दोहोंचे गृहीतक एकच दिसते : युरोपीय सत्ता मराठी समाजात शिरली ती ग्रंथाच्या वाटेने. हे गृहीतक पुणे शहराबाहेर कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

शिरूरला कंपनी सरकारचे पहिले दर्शन छावणीच्या रूपाने घडले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे निघालेली फौज याच घोडनदीकाठच्या तळावरची. परंतु शेतकऱ्याच्या घरात सत्ता शिरली ती पुढच्या दोन पिढ्यांत, आणि तिचे वाहन होते कर्जरोखा. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले आणि पतपुरवठ्याचा ओघ खेड्यांपर्यंत पोचला. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाने (१८६०) आजच्या दौंड परिसरातून बाजाराची वाट उघडली होती. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच दशकात मुदत संपलेल्या सारापद्धतीची फेरआकारणी होऊन सारा वाढला, आणि पत मात्र आटली.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांच्या रूढ आख्यानाला ‘मिथ’ ठरवले. या कोरडवाहू मुलखाचे मुख्य पीक ज्वारी-बाजरीचे होते, कापसाचे नव्हे, हे खरेच आहे. पण त्यावरून जागतिक व्यापाराचा संबंध तुटत नाही. उलट त्याचे स्वरूप स्पष्ट होते. मँचेस्टर शिरूरच्या शेतात उगवले नाही. ते सावकाराच्या वहीत उतरले.

म्हणून त्या कागदाकडे संहिता म्हणून पाहिले पाहिजे. लिहिता न येणारा कुणबी सहीऐवजी नांगराची निशाणी करी. ज्या अवजाराने तो जमीन कसतो त्याच अवजाराचे चित्र जमीन गमावण्याची संमती ठरते, ही या चिन्हव्यवस्थेतील विदारक विसंगती होय. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम असा की दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहिला जाऊ लागला आणि थकलेले व्याज मुद्दल म्हणून त्यात मांडले जाऊ लागले. दिवाणी न्यायालय हा रोखा स्वयंपूर्ण मानी. त्यामागील व्यवहाराचा इतिहास त्याच्या दृष्टीने संहितेबाहेरचा होता.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे येथे एका सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर ऋणकोचे घर पाडले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. जमावाने मागितले रोखे आणि वह्या. मिळाले ते जाळले. माणसांवर हात क्वचितच पडला. याला निव्वळ अविचार म्हणणे कठीण आहे. रणजित गुहांनी बंडखोर शेतकऱ्याच्या कृतीत सत्तेच्या चिन्हांचा नकार वाचला आहे. आपणांस आणखी एक पाऊल टाकता येते. निरक्षरांनी केलेले हे कागदाचे वाचनच होते. अक्षर न ओळखताही सत्ता नेमकी कोठे वसते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

चौकशी आयोगाने १८७८ च्या अहवालात दोषाचा भार सावकारावर टाकला आणि साऱ्याची वाढ मुख्य कारणांतून बाजूला सारली. सरकार त्या आख्यानात पात्र राहत नाही, निवेदक बनते. तरीही १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्यामागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्यास सांगितले. संहितेची स्वयंपूर्णता कायद्यालाच सोडावी लागली. ही दुरुस्ती मर्यादित होती, पण तिचे श्रेय जाळलेल्या कागदांकडे जाते.

महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये कचेरी, कुलकर्णी आणि कागद यांचे जे अर्थपूर्ण स्थान आहे, ते या पार्श्वभूमीवर नव्याने उलगडते. त्या ग्रंथातील कागद हा तपशील नसून आशयद्रव्य आहे. आपल्या वसाहतवादविषयक समीक्षेने मात्र असूडाची ही वाट सोडून कादंबरीच्या उगमाची वाट धरली. परिणामी, इंग्रजी वाचणाऱ्यांचा अनुभव हाच मराठी अनुभव ठरला आणि रोख्यावर नांगर काढणारा हात सिद्धान्ताबाहेर राहिला. जी समीक्षा केवळ जतन झालेल्या संहिता वाचते, ती जतन करणाऱ्यांचीच बाजू नकळत घेते. सुप्याच्या बाजारात जी संहिता जळाली, तिच्या अभावाचे वाचन केल्याखेरीज मराठीतील वसाहतोत्तर विचार पुरा होणार नाही.