धम्मदीक्षेचा परिणाम साक्षरतेत मोजता येतो का?

दरवर्षी १४ ऑक्टोबर जवळ आला की आमच्या यवतमाळच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक तक्ता फिरायला लागतो. बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के, संपूर्ण देशाची ७२.९८, अनुसूचित जातींची ६६.०७. खाली एक ओळ असते, हा सगळा धम्मदीक्षेचा परिणाम. आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत आणि खरे आहेत. इंडियास्पेंडने २०१७ मध्ये त्यांवर लेख केला होता. (तुम्ही देशाची साक्षरता ७४.०४ अशी पाठ केली असेल, तर ती तात्पुरती आकडेवारी. अंतिम आकडा वेगळा आहे.)

मागच्या वर्षी मी ग्रुपवर लिहिलं की आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्ष त्यातून निघत नाही. मग काय, रात्री उशिरापर्यंत फोन वाजत होता. आपलाच पोरगा असा कसा बोलतो, हा सूर. मी बौद्ध घरातला आहे, सांख्यिकीत एम.एस्सी. केलंय आणि आता आरोग्य सर्वेक्षणांच्या आकडेवारीवर पीएच.डी. चालू आहे. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. तुम्ही पेट द्याल, प्रस्ताव लिहाल, तेव्हा हाच तक्ता वेगळ्या विषयाच्या कपड्यांत तुमच्याही समोर येणार आहे.

सुरुवात तुलनेपासून करू. ज्या दोन गटांची तुलना करतो ते एकमेकांपासून वेगळे असायला हवेत. इथे तसे नाहीत. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. २०११ मध्ये देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ५७ लाखांहून जास्त लोक अनुसूचित जातींमध्येही मोजले गेले. महाराष्ट्रात तर अनुसूचित जातींच्या १ कोटी ३३ लाख लोकांत ५२ लाख बौद्ध आहेत, म्हणजे दहातले जवळपास चार. तीच माणसं तक्त्याच्या दोन्ही रकान्यांत बसली आहेत!

त्याहून मोठी अडचण राज्याची आहे. देशातले तीन चतुर्थांशाहून जास्त बौद्ध एकट्या महाराष्ट्रात राहतात. अनुसूचित जाती मात्र उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपासून तमिळनाडूपर्यंत पसरलेल्या आहेत. म्हणजे आपण नकळत महाराष्ट्राची तुलना सगळ्या देशाशी करतोय. आता महाराष्ट्राच्या आत बघा. बौद्धांची साक्षरता ८३.१७ आणि राज्याची ८२.३४. आठ टक्क्यांहून मोठं दिसणारं अंतर एका टक्क्याच्याही आत आलं. राज्य हा इथला कन्फाउंडर. पुस्तकात याची व्याख्या वाचून जे कळत नाही, ते या दोन ओळींत कळतं.

इथे कोणी म्हणेल, की ज्या समाजाला शाळेच्या दाराबाहेर बसवलं तो राज्याच्या सरासरीच्या वर गेला, हे काय कमी आहे? अजिबात कमी नाही. पण ते कशामुळे झालं, हा आपला प्रश्न आहे. औषधाचा परिणाम तपासताना औषध कोणत्या दिवशी दिलं ते ठाऊक लागतं. इथे तो दिवस कोणता? नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, म्हणजे एकवीस वर्षं आधीची. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं, औरंगाबादचं मिलिंद १९५० चं. नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांच्यासारखी माणसं त्याच्याही कितीतरी आधी शाळेसाठी झटत होती. पोरं शाळेत जायला लागली होती, म्हणून तो समाज दीक्षाभूमीवर पोचला, असंही म्हणता येईल. बाण कोणत्या दिशेला काढायचा हे तक्ता सांगत नाही. आणि सगळं श्रेय १९५६ च्या खात्यावर टाकलं की आधीच्या तीस-चाळीस वर्षांत राबलेली माणसं हिशेबातून पुसली जातात. माझा खरा राग तिथे आहे.

जनगणनेतला धर्माचा रकानाही भाबडेपणाने वाचू नका. महाराष्ट्रात १९५१ मध्ये बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ मध्ये सुमारे २७.९ लाख. एवढी उडी दुसऱ्या कुठल्या रकान्यात सापडणं कठीण. पण १९५६ ते १९९० या काळात बौद्ध म्हणवून घेणाऱ्याला केंद्राच्या यादीतला दर्जा नव्हता. म्हणून कित्येक घरांत भिंतीवर बुद्ध आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’ अशी सोय होती. आमच्याही घरात होती. कागदाला असा भाव असतो, तेव्हा कागदावरून श्रद्धा मोजता येत नाही.

मग बदल मोजायचाच नाही का? मोजायचा, पण तो कुठे व्हायला हवा होता हे आधी वाचायचं. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये एकविसावी आहे नवा जन्म होत असल्याचं मानण्याची आणि लगेच बाविसावी, इथून पुढे बुद्धाच्या शिकवणीप्रमाणे वागण्याची. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो हे बाबासाहेबांना मान्यच नव्हतं. म्हणजे हा जन्म याच देहातला, आणि तो झाला की नाही हे वागण्यावरूनच कळणार. साक्षरतेचा उल्लेख बावीसपैकी एकीतही नाही. काय आहे? श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवणार नाही, सर्व माणसं समान मानीन, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. लग्न कोणी लावलं, तेरवी झाली का, घरात दारू येते का, हे सगळं विचारता येतं, डोळ्यांनी बघताही येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बौद्ध-नवबौद्ध असा वेगळा गट आहे आणि दारूचा प्रश्नही आहे. तरी आपल्या ग्रुपवर तो तक्ता कधी फिरत नाही. का नाही, ते तुम्हीच ओळखा.

फक्त हो-नाही असे दोन रकाने आखून मात्र मोजू नका. त्यासाठी आजीचं सांगतो. आर्णी तालुक्यातलं आमचं गाव. माझे पणजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी देवांचे टाक अरुणावतीत सोडले. मेलेलं ढोर ओढायला जाणं त्याच आठवड्यात बंद झालं. गावानं बरेच दिवस मजुरी दिली नाही, तरी परत गेले नाहीत. आजी तेव्हा नवी नवरी होती. तिनं पुढे सगळ्या लेकरांची लग्नं बौद्ध पद्धतीनं लावली, कोणाची तेरवी केली नाही. पण माझ्या मोठ्या काकाला लहानपणी गोवर निघाला, तेव्हा ती पहाटे कोणाला न सांगता मरीआईला नारळ फोडून आली. मी एकदा वहीत लिहून घेता घेता विचारलं, “आजी, मग प्रतिज्ञेचं काय?” ती म्हणाली, “लेकरू तापानं फणफणत होतं रे बाबू. तुह्या आजोबाले आजवर सांगतलं नाही मी.”

हो-नाहीच्या रकान्यात आजी ‘नाही’मध्ये जाईल. शिक्षणाच्या रकान्यात तर ती निरक्षर, म्हणजे व्हॉट्सअॅपच्या तक्त्यात ती धम्मदीक्षेच्या अपयशाचा एक आकडा. उपासमार सोसून ज्या घरानं ढोर ओढणं सोडलं, त्या घरातली बाई. आणि उद्या सगळ्याच समाजांची साक्षरता शंभर टक्के झाली, अंतर शून्यावर आलं, तर दीक्षेचा परिणाम संपला म्हणायचं का? माप चुकीचं निवडलं की असे प्रश्न गळ्यात येतात.

मी हे काम हाती घेतलं असतं तर एकाच माणसाला वेगवेगळ्या प्रसंगांबद्दल विचारलं असतं. लग्नात काय केलं, मौतीत काय केलं, आजारपणात काय केलं, गावानं अडवलं तेव्हा काय केलं. कोणत्या प्रसंगी प्रतिज्ञा टिकली आणि कोणत्या प्रसंगी सुटली, हे वेगवेगळं नोंदवलं असतं. आणि शक्य असेल तिथे घरातल्या दुसऱ्या माणसालाही वेगळं बसवून तेच विचारलं असतं, कारण स्वतःच्या बदलाबद्दल माणूस थोडं वाढवूनच सांगतो. आजोबांना विचारलं असतं तर आमच्या घरात मरीआईचं नाव १९५६ नंतर कोणी काढलंच नाही, असं त्यांनी छातीठोकपणे लिहून दिलं असतं.