'स्मॉग' : एका संमिश्र शब्दाची घडण

'स्मोक' अधिक 'फॉग' बरोबर 'स्मॉग' : इंग्रजी कोशांत या शब्दाची व्युत्पत्ती एवढ्यावर उरकलेली असते. बेरीज चुकीची नव्हे; परंतु तिने घडण उलगडत नाही. 'स्मोक'मधून आरंभीची दोन व्यंजने तेवढी घेतली आहेत; 'फॉग'मधून मात्र स्वरासह पुढचा सारा भाग आला आहे. उच्चार 'फॉग'शी यमक साधतो आणि अर्थही प्रथम धुक्याचाच होता. धूर हे त्याचे विशेषण. लुई कॅरलने १८७१ साली 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मध्ये अशा शब्दांना प्रवासी पेटीची उपमा दिली. त्या उपमेत दोन्ही अर्थ समान तोलाचे मानले जातात. येथे ते तसे नाहीत.

याला मध्यमपदलोपी समास म्हणणेही फसवे होय. 'शाकपार्थिव' या शब्दात 'प्रिय' हे संपूर्ण पद लोपते. 'स्मॉग'मध्ये पदेच मधोमध तुटतात.

शब्दाचे जनकत्व बहुधा डॉ. हेन्री आंत्वान दे व्हू यांना दिले जाते. १९०५ साली लंडनच्या एका परिषदेत धूर व धुके यांवरील निबंधात त्यांनी तो योजला. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील वृत्तपत्रांतही तो आढळला असल्याने त्यांना प्रसारक म्हणणेच न्याय्य ठरेल.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये हजारो माणसे ज्यामुळे दगावली, ते खरोखरच कोळशाचा धूर मिसळलेले धुके होते. लॉस एंजेलिसची गोष्ट वेगळी. वाहनांतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तेथे ओझोन तयार होतो, हे हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकारंभी दाखविले. तेथे ना कोळशाचा धूर, ना खरे धुके; नाव मात्र तेच. व्युत्पत्तीवरून अर्थ ठरविणाऱ्यांची येथे पंचाईत होते.

मराठीत 'स्मॉग'साठी 'धुरके' रूढ झाले आहे. 'धूर' आणि 'धुके' या दोहोंच्या आरंभी 'ध'कार व उकार असल्याने सांधा दिसतच नाही. इंग्रजी शब्दाहून हा जोड सफाईदार आहे. 'धुरकट' हे विशेषण मराठीत आधीच असल्याने 'धुरके' त्यावरूनच साधले, असेही कोणी म्हणेल. पण 'धुरकट' काचेलाही लागते, 'धुरके' केवळ हवेलाच; आणि त्याचे नपुंसकलिंग व एकारान्त रूप थेट 'धुके'चे आहे. 'धुरकट'ने फार तर त्याला कानाशी परिचित केले.