नाचासाठी पुढे केलेला हात

जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या मी प्रथम वाचल्या, तेव्हा त्यांतल्या नाचाच्या मजलसी मी सरळ वगळीत असे. कोण कोणाबरोबर नाचले, याच्याशी आपल्याला काय कर्तव्य? आमच्या घरी जोडीचा नाच म्हणजे मंगळागौरीला बायका घालीत ती फुगडी. आणि फुगडीचा शिष्टाचार एकच, गरगरताना समोरचीचा हात सुटू द्यायचा नाही. पुढे उतारवयात ‘एमा’ पुन्हा हाती घेतली आणि ध्यानात आले की, मी गाळलेल्या पानांतच बाईंनी माणसे पारखून ठेवली आहेत.

त्या काळच्या इंग्लंडात नाचाला विचारायचे ते पुरुषाने. बाईने वाट पाहायची, फार तर नकार द्यायचा. पण त्या नकारालाही दंड होता! एकाला नाही म्हटले, की त्या संध्याकाळी दुसऱ्या कोणाबरोबर तिने नाचू नये, असा संकेत. फॅनी बर्नीच्या ‘एव्हलिना’मधल्या (१७७८) खेड्यातून आलेल्या नायिकेला हे ठाऊक नसते. ती एका नटव्या गृहस्थाला नकार देते, मग लॉर्ड ऑर्व्हिलबरोबर नाचते, आणि त्या नटव्याची बोलणी खाते. ऑस्टिनचा हेन्री टिल्नी ‘नॉर्थँगर ॲबी’मध्ये नाचाची तुलना लग्नाशी करतो: दोन्हींत निवड पुरुषाची, बाईच्या हाती केवळ नकार. तो हे थट्टेत बोलतो. मला मात्र त्यात थट्टा फारशी दिसत नाही. निवड ज्याच्या हाती, सौजन्याची जबाबदारीही त्याचीच, हे त्या थट्टेच्या पोटात आहे.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला (१८१३) डार्सी सर्वांना माहीत आहे. पुरुष थोडे म्हणून एलिझाबेथ बसून राहिलेली, आणि हा गृहस्थ तिच्या कानांवर जाईल अशा बेताने तिला नापसंत करतो. वाचक त्याला पुढे क्षमा करतात. मीही केली, पण जरा उशिराने. त्याच कादंबरीतले कॉलिन्स महाशय पावले चुकतात आणि पावलांकडे लक्ष देण्याऐवजी माफी मागत राहतात. असे पाहुणे आपल्याकडेही पंगतीत भेटतात.

पण खरा प्रसंग ‘एमा’मधला. क्राउन या खाणावळीत नाच चालू आहे. हॅरिएट स्मिथ ही सतरा वर्षांची मुलगी, जिच्या आईबापांचा पत्ता कोणाला नाही, एकटीच जोडीदारावाचून बसली आहे. मिसेस वेस्टन पाद्री एल्टनला नाचायची विनंती करतात. तुमच्याबरोबर मोठ्या आनंदाने नाचेन, असे तो म्हणतो. पण हॅरिएटचे नाव निघताच आपण आता लग्न झालेले म्हातारे झालो, अशी सबब सांगतो आणि दूर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहून हसतो. याच एल्टनशी तिचे लग्न जुळवण्याचा घाट एमाने घातला होता, म्हणून हा घाव नेमका वर्मी बसतो. एवढ्यात नाइटली, जो सारी संध्याकाळ बघ्यांमध्ये उभा होता, हॅरिएटला हात धरून रांगेत नेतो. एल्टनला एक शब्द बोलत नाही. मला वाटते, एल्टनला याहून कडक उत्तर देता आले नसते.

नाइटलीचे कौतुक करणारे बहुधा येथेच थांबतात. कादंबरी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी जिप्सींच्या तावडीतून फ्रँक चर्चिल हॅरिएटला सोडवतो. पुढे ती, एकाने केलेल्या उपकारामुळे आपले मन जडले आहे, असे सुचवते, तेव्हा एमा अर्थातच चर्चिल समजते. पुष्कळ प्रकरणे उलटल्यावर उलगडा होतो: उपकार म्हणजे तो नाच! गुंडांपासून सुटका ही त्या मुलीच्या हिशेबी दुय्यम. भरल्या दिवाणखान्यात कोणी तरी आपल्यासाठी पुढे झाले, हे मोठे.

नाइटली चुकला काय? मुळीच नाही. तो स्वस्थ उभा राहता, तर एल्टनच्याच पंक्तीला बसता. पण निवडण्याची सवय असलेल्याचा क्षणभराचा भलेपणा, कधीच न निवडली गेलेली व्यक्ती केवढ्या मापाने मोजते, हे त्याच्या स्वप्नातही नसते. माझी तक्रार त्याच्याविषयी नाही, ऑस्टिनबाईंविषयी आहे. उलगडा होताच एमाला स्वतःचे मन उमगते, आणि सारी सहानुभूती तिकडे वळते. हॅरिएटची रवानगी लंडनला होते. तिथे रॉबर्ट मार्टिन हा शेतकरी पुन्हा मागणी घालतो, आणि काही पानांत तिचे लग्न लागते. मार्टिन गुणी आहे, जोडा शोभतो, सर्व खरे. तथापि इतक्या घाईने तिचे दुःख आवरून ठेवणे मला खटकते.

परवा मी ते नाचाचे पान पुन्हा काढले. हॅरिएट नाइटलीसमोर आनंदाने उड्या मारीत नाचते आहे, आणि एमा दुरून नजरेनेच त्याचे आभार मानते आहे.