परतलेल्या रुग्णाचे घर : ‘शरपंजर’ आणि ‘देवराई’

बंगळुरात एखाद्याचे वागणे खटकले की ‘याला निम्हान्समध्ये पाठवा’ असे सहज म्हटले जाते. मराठीत हेच काम ठाणे आणि येरवडा ही स्थलनामे दीर्घकाळ करीत आली आहेत. १९७४ साली जुने मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून निम्हान्स उभी राहिली. उपचार, अध्यापन व मेंदूसंशोधन यांचे एवढे मोठे केंद्र असूनही लोकव्यवहारात तिच्या नावाचा टोमणा व्हावा, ही बाब सूचक आहे. कलंक केवळ अज्ञानातून येतो, हे प्रबोधनपर कलाकृतींचे गृहीतक त्यामुळे तपासून पाहावे लागते.

या दृष्टीने त्रिवेणी (१९२८–१९६३) यांची कन्नड कादंबरी ‘शरपंजर’ आणि तिच्यावर पुट्टण्ण कणगाल यांनी १९७२ साली केलेला चित्रपट महत्त्वाचे ठरतात. विवाहपूर्व आघाताची सल मनात असलेली कावेरी बाळंतपणानंतर मनोरुग्ण होते, उपचारांनी बरी होते आणि घरी परतते. खरी कथा येथून सुरू होते. तिच्या हसण्याबोलण्याकडे, क्षुल्लक चिडण्याकडेही सगळे आजाराचे लक्षण म्हणून पाहतात. चित्रपटात कल्पना यांनी साकारलेली कावेरी प्रत्येक हालचालीआधी जणू परवानगी शोधते. पती सुशिक्षित आहे. ती बरी झाल्याचे त्याला ठाऊक आहे. तरीही तो दुरावतो, अन्यत्र गुंततो आणि ती पुन्हा कोसळते. मराठी वाचकाला ‘शरपंजरी’ म्हटले की भीष्म आठवतो. पण भीष्माला इच्छामरणाचा वर होता, त्याच्याभोवती पांडव-कौरव आदराने उभे होते. कावेरीच्या वाट्याला फक्त बाण येतात, तेही घरातून.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) वेगळ्या हेतूने घडला. स्किझोफ्रेनियाविषयी जागृती हे त्याचे घोषित प्रयोजन होते आणि कॅलगरीस्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांचे पाठबळ त्यामागे होते. अतुल कुलकर्णी यांचा शेष कोकणातील राखीव रानात गुरफटत जातो, ती दृश्ये दिग्दर्शकद्वयाच्या उत्तम कामात गणावी लागतील. मात्र आजार समजावून सांगण्याची वेळ येते तेथे संवाद माहितीपत्रकाच्या वळणावर जातात. सोनाली कुलकर्णी यांनी रंगविलेल्या बहिणीची ओढाताण, भाऊ आणि संसार यांतील तिची कोंडी, हा भाग अधिक बोलका आहे. तेथे कोणी काही समजावीत नाही.

अर्थात माहिती निरुपयोगी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात (त्यातील बारा राज्यांत कर्नाटक नव्हते, महाराष्ट्रही नव्हता) विविध मानसिक आजारांतील उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७० ते ९२ टक्के आढळले. ‘देवराई’ पाहून एखादे कुटुंब मांत्रिकाऐवजी डॉक्टरांकडे वळले असेल, तर चित्रपटाने आपले काम केले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही जनजागृती व कलंकनिर्मूलन हे शासनाचे कर्तव्य म्हणून एकाच कलमात येतात. ‘शरपंजर’ या दोहोंना एकत्र नांदू देत नाही. कावेरीच्या पतीला ‘देवराई’तील प्रत्येक संवाद समजला असता, कदाचित पटलाही असता, आणि चित्रपट संपल्यावर तो घरी न जाता दुसरीकडे गेला असता.